ऐका हो ऐका!

यंदाच्या नवरात्रातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. जेवण करून मी जरा आडवा झालो होतो, तोच डोक्यावरचा पंखा थांबला. वीज गेली म्हणावे, तर देवघरातला दिवा चालू होता. आश्विनातले नागपुरी ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना या प्रसंगाचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. चौकशी करावी म्हणून उठलो, तर आतल्या खोलीला आतून कडी. पाच मिनिटांनी कडी निघाली. पलंगावर गोधड्यांचा एक डोंगर दिसला आणि त्या डोंगराच्या पोटातून, घामाने निथळत, आमची नात हातात मायक्रोफोन घेऊन प्रकट झाली.

"आजोबा, ट्रेलर रेकॉर्ड करत होते. खोली घुमते, म्हणून गोधडी. आणि पंख्याचा आवाज येतो."

"पण माझ्या खोलीतला पंखा का बंद?"

"तो तर भिंतीतूनही ऐकू येतो."

आमच्या पंख्याला चाळीस वर्षे झाली आहेत. तेव्हा या आरोपाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पॉडकास्ट म्हणजे काय हे ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांनी घरातल्या तरुण मंडळींना विचारावे. माझ्यापुरते मी त्याचे भाषांतर 'हवी तेव्हा ऐकता येणारी नभोवाणी' असे करून घेतले आहे. हा शब्द २००४ साली इंग्लंडातल्या 'गार्डियन' पत्रामधल्या एका लेखात पुढे आला आणि पुढच्याच वर्षी ॲपल कंपनीने या वस्तूला आपल्या दुकानात जागा दिली. नभोवाणीला केंद्र असते, वेळ असते, 'आता ऐका' म्हणणारा निवेदक असतो. पॉडकास्टला यांपैकी काहीच नाही. लाखोंच्या गर्दीत तो मुकाट पडून असतो आणि कुणाचे बोट लागेल तेव्हा बोलू लागतो. म्हणून मालिका सुरू होण्याआधी मिनिट-दोन मिनिटांची एक हाक त्याच ठिकाणी घालून ठेवतात. तोच ट्रेलर. २०१७ साली ॲपलने पूर्ण भाग, जादा भाग आणि ट्रेलर अशा तीन निराळ्या चिठ्ठ्याच ठरवून दिल्या. म्हणजे एके काळी जी नुसती जाहिरात होती तिला ज्ञातीत घेतले गेले.

आमची नात आणि तिच्या कॉलेजातले दोघे मित्र मिळून सक्करदऱ्यावर सात भागांची मालिका करीत आहेत. तलाव, भोसल्यांचा राजवाडा, बुधवार बाजार, उमरेड रस्ता, आयुर्वेद महाविद्यालय, असे विषय. मी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, परंतु आपल्या दाराबाहेरच्या इतिहासाचा एक धडाही मी कधी वर्गात घेतला नव्हता. म्हणून मला या पोरांचे मनापासून कौतुक वाटले. आणि मग तिने तो ट्रेलर ऐकवला.

आधी ढोल. मग मेघगर्जना. मग एक दार करकरले (ते आमच्याच न्हाणीघराचे होते, हे मी लगेच ओळखले). आणि मग एका मित्राचा खर्जातला आवाज: सक्करदऱ्याच्या राजवाड्यातले ते रहस्य, जे शंभर वर्षे दडवून ठेवले गेले!

"कोणते रहस्य?" मी विचारले.

"ताजुद्दीन बाबांचे, आजोबा."

आता यात दडवलेले काय आहे? ताजुद्दीन बाबांना १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. तिथेही लोक त्यांच्या दर्शनाला जात. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी देह ठेवला. उमरेड रस्त्यावरचा ताजबाग साऱ्या देशाला माहीत आहे आणि सक्करदऱ्यातली त्यांची राहण्याची जागा छोटा ताजबाग म्हणून प्रसिद्ध आहे. एका मराठा राजाने एका मुसलमान फकिराला आपल्या घरात ठेवले आणि आजही दोन्ही धर्मांची माणसे फुले आणि चादरी घेऊन तिथे येतात. जी गोष्ट रिक्षावाल्यालाही तोंडपाठ आहे ती दडवली कुणी?

पण माझे खरे दुखणे निराळेच होते. आमच्या शेजारी एक चाची राहतात. वय ८४. आळीतली सगळीच त्यांना चाची म्हणतात. सासूकडून ऐकलेल्या त्या काळच्या गोष्टी चाचींपाशी आहेत, आणि मालिकेच्या दुसऱ्या भागासाठी त्यांनी पोरांपुढे दीड तास बोलून ठेवले आहे. अजून एकदा बसायचे ठरले आहे. हा ढोल आणि हे 'रहस्य' त्या ऐकतील तेव्हा पुन्हा बसतील का, हा प्रश्न मला पडला. जन्मभर ज्या दाराशी डोके टेकवले ते दार भुताटकीच्या सिनेमासारखे करकरताना ऐकून त्यांना काय वाटेल?

मी काही बोललो नाही. नातीने माझा चेहरा वाचला आणि ती जराशी घुश्शातच म्हणाली, "मग कसा करायचा ते तुम्हीच सांगा!"

निवृत्त मास्तराला असे आव्हान देऊ नये. आठ दिवस मी जुनी पुस्तके आणि जुन्या आठवणी उपसल्या. त्यातले जे तिला सांगितले तेच इथे लिहितो आहे.

पहिली आठवण अर्थातच दवंडीची. माझे आजोळ उमरेडकडचे एक लहानसे खेडे. तिथे दवंडी देणारा कोतवाल होता. संध्याकाळी माणसे शेतातून परतली, चुली पेटल्या, की चावडीशी डफड्याच्या थापा पडत. मोजून पाच-सहा थापा, आणि मग तो थांबे. हे थांबणे फार महत्त्वाचे. त्या क्षणात बायका हातातले भांडे खाली ठेवीत, पोरांना गप्प करीत. मगच "ऐका हो ऐका!" उठे. पुढे ठरलेला क्रम. सांगतो आहे कोण, म्हणजे पाटील की तहसीलदार. काम काय. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कुठे. आणि येताना काय आणायचे. 'उद्या तळ्याची पाळ बांधायची आहे, घरटी एक माणूस, कुदळ-टोपले घेऊन', झाले. पुढच्या चौकात पुन्हा तेच शब्द, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. 'अशी पाळ आजवर कुणी बांधली नाही' असे तो म्हणाल्याचे मला स्मरत नाही.

नातीला मी म्हटले, "तुमच्या ट्रेलरात डफडे पुष्कळ आहे, पण थांबणे नाही. आणि पहिला भाग कोणत्या दिवशी येणार हे तर कुठेच नाही."

तिने वहीत टिपून घेतले. मला बरे वाटले.

परंतु दवंडीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. पुष्कळ गावी हे काम वतनाने महार समाजाकडे होते. ज्याच्या गळ्यावर साऱ्या गावाचा कारभार चाले त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते. आवाज सगळ्यांना हवा होता, माणूस नको होता. शिवाय तो आवाज बोले ते दुसऱ्याचे. स्वतःचे असे त्याला काहीच जाहीर करता येत नसे. या वतनाच्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले, आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो माणसे त्यांच्या एका हाकेवर जमली. सक्करदऱ्यापासून दीक्षाभूमी फार दूर नाही. आजचे पोरगे गोधडीखाली बसून स्वतःच्या आवाजात स्वतःचे जाहीर करते, यातले नवेपण मला यंत्रापेक्षा या जागी अधिक जाणवते.

दवंडीहून जुनी शास्त्रशुद्ध हाक म्हणजे नाटकाची. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटक सुरू होण्यापूर्वीच्या सगळ्या खटाटोपाला पूर्वरंग म्हटले आहे. वाद्ये मांडणे, ती सुरात लावणे, नांदी, अशी त्याची एकामागून एक अंगे आहेत, आणि शेवटचे अंग म्हणजे प्ररोचना. प्ररोचना म्हणजे प्रेक्षकाच्या मनात रुची उत्पन्न करणे. हा शब्द मला इतका आवडला की ट्रेलरला मराठीत प्ररोचना म्हणावे अशी सूचना मी घरात मांडून पाहिली. ती एकमताने फेटाळली गेली.

त्याच ठिकाणी भरताने एक इशारा देऊन ठेवला आहे. पूर्वरंगातले गाणे-नाचणे फार लांबवू नये, असे तो बजावतो. कारण करणारेही थकतात आणि पाहणारेही, आणि थकलेल्या माणसाला पुढे नाटकातला रस आणि भाव नीट उमगत नाही. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा ग्रंथ. पण त्याला चित्रपटगृहात पाऊण तास जाहिराती बघून जांभया देणारा प्रेक्षक जणू दिसत होता.

कालिदासाने हे काम कसे केले पाहा. शाकुंतलाच्या आरंभी सूत्रधार नटीला ग्रीष्मावर गाणे म्हणावयास सांगतो. ती गाते. गाण्याने तो इतका रंगून जातो की आपण कोणते नाटक करणार आहोत तेच विसरतो. नटी आठवण करून देते. तेव्हा तो म्हणतो की तुझ्या गाण्याने मला तसेच ओढून नेले, जसे त्या हरणाने राजा दुष्यंताला. आणि त्याच क्षणी हरणाचा पाठलाग करीत दुष्यंताचा रथ रंगभूमीवर येतो. नाटकाची स्तुती एका शब्दाने नाही. प्रेक्षकाला गाण्याचा एक खरा घोट मिळाला आणि तो कधी आत ओढला गेला हे त्याला कळलेही नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतल उभे केले तेव्हा सूत्रधार आणि नटी सोडली नाहीत ती उगीच नव्हे.

याच्या अगदी उलट स्वभावाची प्रस्तावना आपल्या विदर्भाच्या भवभूतीची. त्याचे गाव पद्मपूर. ते म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातले आमगावजवळचे पदमपूर, असे आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी दाखवून दिले. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत हा कवी आपली अवहेलना करणाऱ्यांना सरळ सांगतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. आपल्यासारख्या मनाचा कुणी आज नसला तर पुढे केव्हातरी जन्मेल, एवढ्या भरवशावर तो लिहितो. जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून घेरी येईल. पण पॉडकास्टवाल्यांनी भवभूतीला कुलगुरू मानावे असे मला वाटते. ज्याला तलावांत आणि जुन्या वाड्यांत गोडी नाही त्याला ढोल बडवून किती वेळ बसवाल? आणि ज्याला आहे तो ढोलानेच पळून जाईल.

आमच्याकडची झाडीपट्टी मात्र कालिदासाचीही नव्हे आणि भवभूतीचीही नव्हे. पूर्व विदर्भात धान निघाले, शंकरपट भरू लागले, की रात्री नाटके. वडसा-देसाईगंज हे त्यांचे माहेर. दिवसा ध्वनिक्षेपक बांधलेली गाडी गावोगाव फिरते आणि नाटकाचे नाव, नटांची नावे, तारीख, मैदान हे सगळे एका दमात सांगत धूळ उडवून पुढे जाते. अंगावर काटा आणणारी विशेषणे त्यातही असतात. पण झाडीपट्टीचा प्रेक्षक ती गोड मानून घेतो, कारण रात्री नाटक पहाटेपर्यंत चालते आणि पैसे फिटतात.

चित्रपटाचे म्हणाल तर १९१३ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. लोक तासन्‌तासांच्या नाटकांना सरावलेले. चित्रपट त्यांना आखूड वाटे. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला अवघा ३ रुपये झाला, अशी गोष्ट सांगतात. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात काढली की ५७ हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ, आणि मोल फक्त तीन आणे! गल्ला तीनशेवर गेला. यातली खुबी अशी की त्यांनी विशेषणांऐवजी आकडे सांगितले. फीत दोन मैल भरत नव्हती, पण चित्रे खरोखरच जवळजवळ तेवढी. लांबीत अतिशयोक्ती, पण निव्वळ पोकळ बढाई नाही. एवढी अक्कल असेल तर मोठ्याने ओरडावयास माझी हरकत नाही.

त्याच वर्षी तिकडे न्यूयॉर्कला निल्स ग्रॅनलंड नावाच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्याने एका संगीतिकेच्या तालमींची लहानशी फीत करून चित्रपटगृहात दाखवली. पहिला ट्रेलर तो हाच, असे मानतात. असल्या फिती तेव्हा मूळ चित्रपटाच्या शेपटाला जोडीत, म्हणून त्यांचे नाव ट्रेलर, म्हणजे मागून फरफटत येणारा. पण खेळ संपताच लोक उठून जातात हे मालकांच्या ध्यानात आले, आणि शेपूट पुढे आणून डोक्याशी लावावे लागले. नाव तेवढे राहिले.

आता नभोवाणी, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ट्रेलरातून चित्र काढून घेतले तर उरते काय, याचा धडा आमच्या पिढीने नभोवाणीपाशी बसून घेतला आहे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पहाटे केंद्र उघडण्याआधी ती ओळखीची धून वाजे. वॉल्टर काउफमन या, नाझींच्या भयाने मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराने ती १९३६ च्या सुमारास रचली. तिच्यात शब्द नाही, आश्वासन नाही, कुणाचे नाव नाही. तरी ती ऐकली की आई चहाचे आधण ठेवी. रोज त्याच वेळी, तीच, आणि तिच्यामागून रोज खरोखरच कार्यक्रम. जाहिरातशास्त्राने एवढा विश्वास कमावलेली दुसरी काही सेकंदे मला दाखवावीत!

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. हे गृहस्थ मराठी, विद्वान, अभिजात संगीताचे निस्सीम भक्त. हेतू चांगलाच होता. पण सुई सिलोनकडे वळली. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय पुरते वीसही नाही. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत असत. बुधवारी रात्री आठ वाजता तो आवाज येई. आमच्या घरी बुधवारी आई बाजारातून भाजी आणी, आणि आठच्या आत ती निवडून व्हावी म्हणून आम्हा भावंडांनाही कामाला लावी. बहिणींना आधी आणि भावांना मागून हाक मारणारा तो पहिलाच पुरुष, असे आमची थोरली बहीण म्हणे.

सयानींचे कसब शब्दांपेक्षा शब्दांच्या मागेपुढे होते. एक गाणे दोन पायऱ्या चढले आहे, एवढेच ते सांगत. कोणते ते सांगत नसत. मध्ये दंतमंजनाची जाहिरात येई, आणि ती संपेपर्यंत आमच्या घरात दोन तट पडलेले असत. आणि गाणे मात्र त्याच कार्यक्रमात लागे. पुढच्या बुधवारवर ढकलून त्यांनी आम्हाला फसवले नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या वयाच्या पुष्कळांनी एकमेकांना फोन केले. बोलण्यासारखे काही नव्हते, नुसतेच फोन केले.

३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. मग १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी. होय, नागपूर! देशात आकाशवाणीच्या जाहिराती प्रथम ऐकण्याचा मान आमच्या कानांना मिळाला. त्याचा अभिमान बाळगावा की कसे, हे मी वाचकांवर सोपवतो.

त्यानंतर काही वर्षांत आला तो प्रकार आजच्या ट्रेलरचा सख्खा आजोबा शोभेल. नव्या चित्रपटाचा पंधरा मिनिटांचा नभोवाणी-कार्यक्रम. निवेदक गोष्ट सांगू लागे. मध्येच चित्रपटातला एखादा संवाद, मोटारीचे ब्रेक, कुणाची किंकाळी. गाणे सुरू होई आणि ऐन रंगात तोडले जाई. मग निवेदक विचारी की तिने पत्र वाचले का? तो परत आला का? हे पडद्यावर पाहा! दिसत काहीच नसे, म्हणून आम्ही मनाने सगळे दाखवून घेत असू. एकदा असाच एक कार्यक्रम ऐकून आम्ही चौघे मित्र भर पावसात सायकलींवर डबल सीट गेलो. चित्रपट पाहून परतताना कुणी बोलेना. त्यातले जे काही बरे होते ते सगळे त्या पंधरा मिनिटांत येऊन गेले होते. उरलेले अडीच तास नुसते वेष्टन. चित्रपटाचे नाव सांगत नाही. पण त्या निर्मात्याच्या पुढच्या दोन चित्रपटांना आम्ही गेलो नाही.

यावर नातीने मला बरोबर अडवले. "म्हणजे चांगले ते दाखवूच नये?" तसेही नाही. १९७५ साली शोले आला. त्याच्या संवादांची तबकडी निघाली आणि पानठेल्यांवर, लग्नाच्या मांडवांत ती वाजू लागली. गब्बरसिंग काय बोलतो हे ज्यांना पाठ होते तीच माणसे पुन्हा पुन्हा तिकीट काढीत होती. वाटीभर चाखवल्याने हंडा रिकामा होत नाही. हंड्यात मात्र काही असावे लागते.

परदेशातला एक मासला तिला मी मुद्दाम शोधावयास लावला. ऑर्सन वेल्सने सिटिझन केनचा ट्रेलर केला. काळोखात एक मायक्रोफोन पुढे येतो आणि वेल्सचा आवाज बोलू लागतो. एकेका नटाची तो ओळख करून देतो, थोडी थट्टाही करतो. स्वतः, म्हणजे चित्रपटाचा नायक आणि दिग्दर्शक, शेवटपर्यंत दिसत नाही. वेल्स मुळात नभोवाणीचा माणूस. आवाज ऐकला की चेहरा बघावयाची तहान लागते, हे त्याला पुरते ठाऊक होते. नातीने तो ट्रेलर दोनदा पाहिला आणि ढोलाची फीत कायमची काढून टाकली. भरत, कालिदास आणि भवभूती या तिघांना जे साधले नाही ते एका अमेरिकनाने केले, याचे मला थोडे वाईट वाटले. असो.

(जाता जाता, हा दिवाळी अंक हाती घेणाऱ्यांनीही हसू नये. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून 'यंदाच्या अंकात वाचा' हा ट्रेलर मराठी घरात दसऱ्यालाच येऊन पोहोचतो, आणि त्यातली सगळीच नावे दिवाळीला अंकात सापडतात असे नाही.)

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नवा ट्रेलर तयार झाला. एक मिनिट चाळीस सेकंद. आरंभी काहीच नाही, एक क्षण नुसती शांतता. मग सक्करदरा तलावाकाठचे पहाटेचे पक्षी. मग बाजारात भाजीवालीने दिलेली हाळी. मग चाचींचा आवाज, निवेदनाशिवाय, मध्येच सुरू झालेला: "सासू सांगायची, बाबांकडे येणाऱ्यांची एवढी रीघ, की तिच्या आईने वाड्याच्या रस्त्यावर पेरूची टोपली मांडली. एक दिवस राजाकडचा माणूस आला आणि म्हणाला..." इथे आवाज थांबतो. मग नात, अगदी साध्या सुरात, तिघांची नावे सांगते, मालिका कशाविषयी आहे ते सांगते, आणि पहिला भाग पाडव्याला सकाळी सात वाजता, दर बुधवारी पुढचा, एवढे सांगून थांबते. 'रहस्य' हा शब्द नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे तो घेऊन चाचींकडे गेलो. त्यांना कानाला लावायचे यंत्र नको असते. नातीने फोन मोठ्याने करून त्यांच्या मांडीवर ठेवला. पक्ष्यांना त्यांनी मान हलवली. भाजीवालीचा आवाज त्यांनी ओळखला आणि ती भाव फार लावते असे सांगितले. मग स्वतःचा आवाज सुरू झाला तशा त्या एकदम सावरून बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पुन्हा लावला. मग बराच वेळ त्या गप्पच. नातीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे.

"बेटा," चाची म्हणाल्या, "पेरू नव्हते ते. सीताफळं होती. मी चुकीचं बोलले त्या दिवशी. उद्या ये, ते नीट करून घेऊ. आणि तो माणूस काय म्हणाला तेही तू अर्धंच घेतलंस, त्याच्यापुढे अजून आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता चाची आमच्याकडे आल्या. बाहेर तीच आश्विनातली उन्हे. आतल्या खोलीत दोघींसाठी गोधड्या मांडल्या गेल्या, दाराला कडी लागली, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. मी हातपंखा घेऊन ओसरीवर येऊन बसलो.